जुनी गाडी स्वतः विकताना पैसे 'आले' असं नक्की कधी म्हणायचं?

कोलशेतकर (गुरुवार, रात्री १०:४०)

मंडळी, ठाण्यात कोलशेतला राहतो. २०१६ ची वॅगन-आर आहे, एमएच-०४ पासिंग, सिंगल ओनर, ५८ हजार किलोमीटर. घरात आता दोन गाड्या आणि सोसायटीत पार्किंग एकच, त्यामुळे हिला निरोप द्यायचाय. डीलरने २.६० लाख सांगितले. तशाच गाड्या बाहेर तीन-सव्वातीनला जाताना दिसतात, म्हणून स्वतःच जाहिरात टाकली.

दोन दिवसांत चाळीसेक फोन. निम्म्यांचा एकच प्रश्न, "लास्ट किती?" एकाने गाडी न बघताच सव्वातीन कबूल केले. म्हणे फौजी आहे, ओळखपत्राचा फोटोही पाठवला. मायलेज विचारलं नाही, टायर विचारले नाहीत.

दुसरा माणूस खरा वाटतोय. ऐरोलीचे गृहस्थ, सोबत मेकॅनिक घेऊन आले, अर्धा तास बॉनेटमध्ये डोकं घालून होते. घासाघीस करून ३.१० ला ठरलं. ते शनिवारी संध्याकाळी येणार, समोर बसून आरटीजीएस (बँकेतून थेट खात्यात मोठी रक्कम पाठवणं) करणार आणि गाडी लगेच नेणार, कारण रविवारी गावी जायचंय.

प्रश्न असा की शनिवारी संध्याकाळी बँक बंद. पैसे खरंच आले हे मी कशावरून समजायचं? आधी त्यांनी पैसे द्यायचे की आधी मी चावी? बायकोचं म्हणणं, डीलरला देऊन मोकळा हो.

वडापाव_डबल (गुरुवार, रात्री १०:५२)

फौजीने मायलेज विचारलं नाही कारण त्याला रणगाड्याची सवय असणार.

सानपाड्याची_सई (गुरुवार, रात्री ११:०५)

तो 'फौजी' मलाही भेटला होता. मी तेव्हा स्कूटी विकत होते. माझ्या वेळी पोस्टिंग जम्मूला होतं, युनिटची गाडी येऊन स्कूटी उचलून नेणार होती. मग म्हणाला, "मॅडम, आर्मीचं पेमेंट सिस्टीम वेगळं असतं. मी क्यूआर पाठवतो, तुम्ही स्कॅन करा, पैसे तुमच्या खात्यात येतील." स्कॅन केल्यावर अ‍ॅपने पिन मागितला तिथे मी थांबले. माझी अक्कल नव्हे, शेजारी भाऊ बसला होता, तो ओरडला.

यूपीआयचा पिन पैसे जाताना लागतो. येणाऱ्या पैशाला ना पिन लागतो, ना स्कॅन. खऱ्या सैनिकांच्या नावाने हा धंदा चालतो याचा जास्त राग येतो. माझे मामा सैन्यात होते, त्यांनी आयुष्यात कोणाला व्हॉट्सअ‍ॅपवर ओळखपत्र पाठवलं नसेल.

माजिवडेकर (गुरुवार, रात्री ११:२०)

वहिनींचं बरोबर आहे. पन्नास हजारांसाठी एवढा जीव कशाला टांगणीला लावायचा? डीलर पैसे खात्यात टाकतो, गाडी घेऊन जातो. विषय संपला.

गाडीवान (गुरुवार, रात्री ११:३१)

@माजिवडेकर, संपत नाही हो विषय. माझी गाडी डीलरने नेली आणि त्यानंतर वर्षभर ती माझ्याच नावावर फिरत होती. चलानं मला यायची. आता निदान नियम झालाय. १ एप्रिल २०२३ पासून आरटीओकडे नोंद असलेल्या डीलरला गाडी देताना फॉर्म २९सी भरता येतो, म्हणजे गाडी त्याच्या ताब्यात गेल्याची नोंद पोर्टलवर होते. डीलरला दिली तरी तेवढं मागून घ्या. कागदांबद्दल उद्या सविस्तर लिहितो, आता झोप आलीय.

नौपाड्याचे_काका (शुक्रवार, सकाळी ७:१०)

रोख घ्या. हातात नोटा, हातात चावी. ते स्क्रीनशॉट आणि क्यूआर वगैरे आमच्या काळी नव्हतं आणि फसवणूकही नव्हती. १९९४ साली पद्मिनी विकली ती गोखले रोडवर टपरीवर बसून, चहा पिता पिता.

हिशेबनीस (शुक्रवार, सकाळी ८:४५)

काका, ३.१० लाख रोख घेतले तर कोलशेतकरांना खरेदीदार नाही, आयकर खातंच गाठेल. २०१७ पासून एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारायला बंदी आहे आणि दंड स्वीकारणाऱ्याला, तोही घेतलेल्या रकमेइतका. दीड आज, दीड उद्या असे तुकडे करूनही सुटका नाही, कारण व्यवहार एकच धरतात.

आता मूळ प्रश्न. बँकेत एकतीस वर्षं काढली, म्हणून जरा पाल्हाळ.

शनिवार-रविवारची भीती सोडा. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालतं. आरटीजीएस किमान २ लाखांपासून पुढे, म्हणजे तुमची रक्कम बसते. तुमच्या बँकेला संदेश पोचला की अर्ध्या तासात तिने पैसे जमा करायचे असतात. तेव्हा "आज शनिवार आहे, सोमवारी दिसतील, गाडी आत्ता द्या" असं कोणी म्हणालं तर चहा पाजा आणि सोमवारी या म्हणा.

पैसे आले हे स्वतःच्या अ‍ॅपमध्ये, स्वतःच्या हाताने स्टेटमेंट उघडून बघायचं. त्यांच्या फोनवरची हिरवी टिकमार्कची पाटी, स्क्रीनशॉट, यूटीआर नंबर (व्यवहाराचा क्रमांक) यातलं काहीही पुरावा नाही. आरटीजीएसचा यूटीआर २२ अक्षरांचा असतो, एनईएफटीचा १६ चा, पण अक्षरं मोजून काय करणार? खोटी पण २२ लिहिता येतात. एसएमएसवरही जाऊ नका. 'तुमच्या खात्यात ३,१०,००० जमा' हा मजकूर कोणीही टाइप करून पाठवू शकतो. दहा आकडी मोबाइल नंबरवरून आलेला असेल तर तो बँकेचा नव्हेच.

आणखी एक. नवीन खातं जोडल्यावर पहिल्या चोवीस तासांत मोठी रक्कम पाठवायला बऱ्याच बँका मर्यादा घालतात. त्यामुळे ऐरोलीकरांना म्हणा, आजच माझं खातं जोडा आणि एक रुपया पाठवा. उद्या ऐनवेळी "लिमिट आहे हो, पन्नास हजार आत्ता, बाकीचे उद्या" हा घोळ होणार नाही. आणि तो रुपया कोणाच्या नावाने येतो ते बघा.

नौपाड्याचे_काका (शुक्रवार, सकाळी ९:०२)

ठीक आहे. पण पद्मिनी खरंच टपरीवर विकली होती.

वडापाव_डबल (शुक्रवार, सकाळी ९:०६)

काका, विकणारे तुम्ही होतात, खरेदीदाराची बाजू ऐकायची बाकी आहे.

खारघर_सेक्टर_बारा (शुक्रवार, सकाळी ११:३८)

हिशेबनीसांनी 'कोणाच्या नावाने' लिहिलंय तिथे लाल पेनाने रेघ मारा. माझा किस्सा सांगतो, जरा मोठा आहे.

मी माझी आय-ट्वेंटी ४.२० ला लावली होती. एका साहेबांचा फोन. बोलणं एकदम सभ्य, शुद्ध मराठी. किंमत मान्य, एक रुपया कमी केला नाही. म्हणाले, "गाडी मेहुण्यासाठी घेतोय. त्याचे माझ्याकडे थोडे पैसे यायचेत, ते यात वळते करणार आहे. म्हणून त्याच्यासमोर किमतीचा विषय काढू नका, उगाच घरात वाद नको. त्याने विचारलं तर 'ते साहेबच सांगतील' म्हणा." मला वाटलं, असेल बुवा घरगुती भानगड.

रविवारी मंडळी आली. नवरा, बायको, सासूबाई, एक लहान मुलगा. माणसं इतकी साधी! सासूबाईंच्या पिशवीत नारळ, हळदकुंकू आणि झेंडूचा हार. गाडी आवडली. नवऱ्याने बाजूला जाऊन फोन केला, मोबाइलवर काहीतरी केलं आणि येऊन म्हणाला, "झालं, दिले. चावी द्या." सासूबाई तोवर नारळ फोडायला जागा शोधत होत्या.

मी म्हटलं, माझ्याकडे तर काही आलं नाही. तो म्हणाला, "तुमच्या भावाच्या खात्यात टाकले ना, २.९०." कसला भाऊ? आणि कसले २.९०?

तेव्हा उलगडलं. त्या साहेबांनी माझ्या जाहिरातीतले फोटो उचलून २.९० ची दुसरी जाहिरात टाकली होती. या नवरा-बायकोला सांगितलं, "गाडी माझ्या भावाकडे आहे, तो जरा तापट आहे, पैशाचं माझ्याशीच बोला." मला मेहुणा सांगितला, त्यांना भाऊ. दोन्हीकडे विषय काढायची चोरी. फोन अर्थातच बंद.

पुढचा अर्धा तास सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन प्रामाणिक कुटुंबं एकमेकांना चोर म्हणत होती. वॉचमन मध्ये. त्या बाईंना वाटत होतं मी सामील आहे, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मलाही तेच वाटलं असतं. शेवटी माझ्या मुलीने १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावून दिला. लवकर कळवल्यामुळे काही रक्कम पुढच्या खात्यात अडकवून ठेवता आली, सगळी नाही. माझं एका पैशाचं नुकसान झालं नाही, पण तो हार आमच्या पार्किंगच्या खांबावर टांगलेला राहिला तो दोन दिवस कोणी काढेना.

सानपाड्याची_सई (शुक्रवार, सकाळी ११:५०)

बाप रे. अंगावर काटा आला.

माजिवडेकर (शुक्रवार, दुपारी १२:१५)

म्हणूनच म्हणतो, डीलर.

घणसोलीची_गौरी (शुक्रवार, दुपारी १:०५)

चेकबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. बाबांनी २०१९ मध्ये गाडी विकली. खरेदीदार स्वतः बाबांच्या बँकेत गेला, शुक्रवारी चेक भरला आणि शिक्का मारलेली स्लिप आणून दिली. बाबांनी पासबुक भरून घेतलं तर रक्कम छापून आली. झालं, शनिवारी गाडी दिली. मंगळवारी चेक परत.

पासबुकात दिसलेली रक्कम ही नुसती नोंद होती, क्लिअर बॅलन्स (खरोखर जमा झालेले पैसे) नव्हे. हा फरक काउंटरवर कोणी सांगत नाही. मग कलम १३८, म्हणजे चेक न वटल्याचा खटला. चेक परतल्याचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस, समोरच्याला पंधरा दिवस, त्यानंतर महिन्याभरात तक्रार. हे सगळं बाबांना तोंडपाठ झालं, ठाणे कोर्टाच्या कँटीनचा मेनूही.

हिशेबनीस (शुक्रवार, दुपारी १:२२)

ऑक्टोबर २०२५ पासून चेक दिवसभर सलग क्लिअर व्हायला लागलेत, आधीसारखी वाट बघावी लागत नाही. तरी गौरीताई म्हणतात ते खरंच. भरला म्हणजे वटला नव्हे. डिमांड ड्राफ्टही रंगीत कागदावर छापून आणतात. ड्राफ्ट घ्यायचाच तर खरेदीदारासोबत त्याच्या शाखेत जा, तुमच्या डोळ्यांदेखत काढू दे.

गाडीवान (शुक्रवार, दुपारी २:४०)

काल कबूल केलं होतं, म्हणून कागदांबद्दल.

फॉर्म २९ (गाडी विकल्याची सूचना) दोन प्रती, फॉर्म ३० (नाव बदलायचा अर्ज). कोऱ्यांवर सही करू नका. एजंट म्हणतो "साहेब, सही करून ठेवा, बाकी मी भरतो", तिथेच पाय मागे घ्या. खरेदीदाराचं नाव, पत्ता, तारीख भरलेली असेल तरच सही, तीही पैसे आल्यावर. कर्ज फिटलं असलं तरी आरसीवर बँकेचं नाव असेल तर फॉर्म ३५ (कर्जाची नोंद काढायचा) आणि बँकेचं पत्र आधी. ऐरोली म्हणजे वाशीचं आरटीओ, एमएच-४३. राज्यातल्या राज्यात असल्यामुळे एनओसीची (ना हरकत पत्राची) भानगड नाही.

गाडी दिल्यापासून १४ दिवसांत विकणाऱ्यानेही आरटीओला कळवायचं असतं. हे लोक खरेदीदारावर सोडतात आणि तिथे फसतात. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात स्पष्ट सांगितलंय, नोंदणी ज्याच्या नावावर तोच मालक. गाडी मध्ये चार हात फिरली होती, अपघाताची भरपाई मात्र पहिल्याच्या गळ्यात. तेव्हा पैसे मिळाले म्हणजे सुटलो असं नाही.

पोर्टलवर अर्ज भरताना तुमच्या मोबाइलवर ओटीपी येतो, तो पैशाआधी देऊ नका. ताबापत्रावर तारखेसोबत वेळ लिहा, चलान कोणाचं ते वेळेवरून ठरतं. विमा कंपनीला कळवा, नो क्लेम बोनस तुमचा असतो, गाडीचा नाही, त्याचं पत्र घ्या. आणि फास्टॅग बंद करा. हे सगळे विसरतात.

वडापाव_डबल (शुक्रवार, दुपारी २:४८)

जन्मभर "ओटीपी कोणालाही सांगू नका" आणि आरटीओत "ओटीपी सांगा". माणसाने जगायचं कसं?

नेरुळचा_निवांत (शुक्रवार, दुपारी ३:३०)

फास्टॅगवरून आठवलं. मी गाडी विकली आणि तीन महिन्यांनी बघतो तर अटल सेतूचा टोल कापला जातोय. वाशी आणि ऐरोली नाक्यावरचा कारचा टोल ऑक्टोबर २०२४ मध्ये माफ झाल्यापासून फास्टॅगचे मेसेज बघायची सवयच गेली होती. नवे मालक उलव्याहून रोज शिवडीला. फोन केला तर म्हणाले, "मला वाटलं फ्री आहे."

माजिवडेकर (शुक्रवार, दुपारी ३:४५)

टोल माफ झाला हे खरं, पण आनंदनगर नाक्याला गर्दी तेवढीच आहे. मग फायदा कोणाचा? त्यापेक्षा मेट्रो लवकर...

सानपाड्याची_सई (शुक्रवार, दुपारी ३:५०)

दादा, मेट्रोचा धागा वेगळा आहे, तिथे तुमचेच ४० प्रतिसाद आहेत.

कोलशेतकर (शुक्रवार, रात्री ९:१५)

सगळ्यांचे आभार. फौजीला ब्लॉक केलं. जाता जाता त्याने 'गाडीचं चलान चेक करा' म्हणून एक एपीके फाइल (उघडली की फोनमध्ये अ‍ॅप टाकणारी) पाठवली होती, ती उघडली नाही, उडवली.

ऐरोलीकरांना खातं दिलं. एक रुपया आला, त्यांच्याच नावाने. पण आत्ता फोन आला की दोन लाख त्यांच्या खात्यातून येतील आणि एक लाख दहा हजार साडूच्या खात्यातून. साडू त्यांना उसने देतोय, तर थेटच पाठवतो म्हणे. खारघरवाल्यांचा मेहुणा वाचल्यापासून मला घाम फुटलाय.

खारघर_सेक्टर_बारा (शुक्रवार, रात्री ९:२०)

नको!!

हिशेबनीस (शुक्रवार, रात्री ९:३४)

माणूस खरा असेलही, तरी नको. कारण सांगतो. कुठल्यातरी भलत्या माणसाची फसवणूक करून लुटलेले पैसे गाडीच्या किमतीपोटी तुमच्या खात्यात टाकतात. गाडी घेऊन तो पसार. मूळ माणूस १९३० ला तक्रार करतो, पोलीस पैशाचा माग काढत तुमच्या खात्यापर्यंत येतात, आणि तेवढ्या रकमेवर होल्ड, कधी अख्खं खातं गोठतं. तक्रार भलत्या राज्यातली असते. तुम्ही कोलशेतहून त्या पोलीस ठाण्याला ईमेल करत बसता, की बाबा मी फक्त वॅगन-आर विकली. पैसे न येणं परवडलं, पण असे येणं नाही.

साडूने ऐरोलीकरांना द्यावेत, ऐरोलीकरांनी तुम्हाला. एक उडी वाढेल, दहा मिनिटं जातील. ज्याच्या नावावर गाडी होणार त्याच्याच खात्यातून पूर्ण रक्कम.

नौपाड्याचे_काका (शुक्रवार, रात्री ९:५०)

अगदी मान्य. साडूवर विश्वास ठेवू नये, अनुभवाचे बोल आहेत.

घणसोलीची_गौरी (शुक्रवार, रात्री ९:५८)

काका, काकू हा धागा वाचतात का?

कोलशेतकर (रविवार, सकाळी ११:०५)

गाडी गेली. वृत्तांत देणं कर्तव्य आहे.

ऐरोलीकरांना साडूचं सांगितलं तर जरासे दुखावले. "म्हणजे विश्वास नाही का?" मी सरळ हिशेबनीसांचा प्रतिसाद वाचून दाखवला. ते ऐकून म्हणाले, "अरे, मग मलाच तुमचं आधार बघू दे. गाडी तुमचीच कशावरून?" बरोबर होतं त्यांचं. आरसी, आधार, पॅन सगळं समोर ठेवलं, त्यांनी परिवहनच्या अ‍ॅपवर नंबर टाकून ताडून घेतलं. नंतर वातावरण निवळलं.

काल संध्याकाळी सहा वाजता सहकुटुंब, मेकॅनिकला घेऊन आले. ६:१८ ला त्यांनी डायनिंग टेबलवर बसून आरटीजीएस केलं. त्यांच्या फोनवर लगेच 'यशस्वी'. माझ्याकडे काही नाही. ६:२५, काही नाही. मेकॅनिकचा दुसरा चहा झाला. आम्ही दोघं आळीपाळीने पावसाबद्दल बोलत होतो. त्यांची पाच-सहा वर्षांची मुलगी खाली जाऊन गाडीच्या मागच्या सीटवर बसली होती आणि उतरायला तयार नव्हती. तिची आई गॅलरीतून खुणा करतेय, आणि मी अ‍ॅप उघडतोय, बंद करतोय. त्या वेळी चावी देऊन टाकावी असं मला किती वाटलं, सांगू शकत नाही. समोर बसलेल्या भल्या माणसाला थांबवून ठेवणं फार अवघड जातं. ६:३१ ला स्टेटमेंटमध्ये पूर्ण ३,१०,००० दिसले, त्यांच्या नावाने. एसएमएस त्यानंतर आला. मग सह्या, ताबापत्रावर वेळ ६:५०, दोघांच्या सह्यांचा फोटो. ओटीपीचं काम सोमवारी.

गाडीवान यांनी एवढं सांगूनही फास्टॅग बंद करायला विसरलो. आज सकाळी साडेसातला खालापूरच्या टोलचा मेसेज! ऐरोलीकरांना कळवलं. बिचाऱ्यांनी गाडी बाजूला घेऊन लगेच यूपीआय केलं आणि स्क्रीनशॉट पाठवला.

मी लिहिलं, स्क्रीनशॉट नको, थांबा, अ‍ॅप उघडून बघतो.

गाडीवान (रविवार, सकाळी ११:२०)

आधी टॅग बंद करा, मग प्रतिसाद लिहा.

नवीन_सदस्य_ठाणे (मंगळवार, दुपारी ४:१२)

गाडी आहे का अजून? लास्ट किती?